बाकला, वसंती : भारी जमिनीतील पेरणी

इंग्लंडमध्ये फेब्रुवारीअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंत पेरले जाणारे कडधान्य (शास्त्रीय नाव : व्हिसिया फाबा). एसेक्स, सफक, केंब्रिजशर या पूर्वेकडील परगण्यांतील चिकण जमिनींत गव्हाला फेरपालट म्हणून ते घेतात. गव्हात माजणारे ब्लॅकग्रास हे तण बहुतांशी शरदात उगवते. वसंतातल्या पिकामुळे ते पेरणीआधीच मारता येते.

पेरणीची पद्धत येथे वाफशावरून ठरते. मार्चच्या वाऱ्याने वरची माती सुकून पांढरट दिसू लागते, पण बियाच्या खोलीवर ती अजून लोण्यासारखी असते. अशा वेळी ट्रॅक्टर घातल्यास चाकांखाली जमीन दडपते आणि तबकडीच्या पेरणीयंत्राने पाडलेल्या चरीच्या कडा लिंपल्या जातात. वाळल्यावर ती चर उघडी पडते. दडपलेल्या थरात बाकल्याचे सोटमूळ खाली न जाता आडवे वळते. म्हणून पृष्ठभाग पाहून भागत नाही. फावड्याने खणून खालची माती बोटांत चुरडून पाहावी लागते.

शरदात नांगरून ठेवायचे, हिवाळ्यात गोठण्या-वितळण्याने ढेकळे फुटू द्यायची आणि वसंतात एखादी उथळ पाळी देऊन पेरायचे, ही जुनी व भरवशाची रीत. बी फोकून नांगराने गाडण्याची पद्धत हिवाळी बाकल्याला चालते. वसंतात मात्र ओली ढेकळे वर येतात आणि ती फोडायला कडक थंडी उरलेली नसते. भारी जमिनीत ही सर्वांत वाईट निवड. दातांच्या यंत्राने न नांगरता थेट पेरल्यास बियाखालची माती मोकळी होते. ओळींमधली जमीन फारशी हलत नसल्याने तणही कमी उठते. जमिनीची घडण आधीच चांगली असेल तर हाच मार्ग बरा. दडपलेली जमीन मात्र आधीच्या उन्हाळ्याअखेर, कोरडी असतानाच, मोकळी करून घ्यावी लागते.

बी टपोरे, गव्हाच्या दाण्याच्या साधारण दहापट वजनाचे असते, त्यामुळे यंत्राच्या नळ्या तुंबत नाहीत ना हे पाहावे लागते. उगवताना बीजदले जमिनीतच राहतात, म्हणून ५ ते ८ सेंमी. खोली बाकल्याला सोसते. तणनाशक उगवणीपूर्वी फवारायचे असल्यास बियावर किमान ३ सेंमी. बसलेली माती हवी. उथळ पडलेले बी कावळेही उकरून खातात.

वाफशासाठी थांबण्यालाही मर्यादा आहे. पेरणी एप्रिलात गेलेले पीक फुलोऱ्यात पाण्याच्या ताणात सापडते, काढणी सप्टेंबरात ढकलली जाते आणि पुढच्या गव्हाची पेरणी पावसाळी दिवसांत अडकते.