भिंतीवरच्या चित्रांची गोष्ट

स्वमग्न मुलांच्या वर्गात आपण गेलात, तर भिंतीवर बहुधा एक चित्रपट्टी दिसेल. दप्तर, मणी, डबा, झोपाळा अशी चित्रे एकाखाली एक लावलेली असतात. एक काम संपले, की मूल ते चित्र काढून टोपलीत टाकते आणि पुढच्या कामाला लागते. युक्ती साधीच आहे. पण ती रुजण्याआधी एक मोठा गैरसमज दूर व्हावा लागला.

१९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची लक्षणे नोंदवून ठेवली. पुढे समज पसरला, की आईची माया कमी पडते म्हणून मूल असे मिटून जाते. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात हा दोष आईवडिलांच्याच माथी मारला. मुलाला त्यांच्यापासून दूर ठेवावे, असे त्यांचे मत होते.

एरिक शॉपलर शिकागोतच शिकलेले. त्यांचा जन्म जर्मनीतल्या ज्यू कुटुंबात झाला होता आणि १९३८ मध्ये या कुटुंबाला देश सोडावा लागला होता. निरपराध माणसावर खापर फोडले जाते म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. या आईवडिलांना बळीचा बकरा केले जात आहे, असे त्यांनी १९७१ मध्ये लेख लिहून सांगितले.

त्याआधीच, १९६६ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे त्यांनी रॉबर्ट रीचलर यांच्यासह वेगळा प्रयोग सुरू केला होता. तिथे आईवडील एकतर्फी काचेआडून शिकवणे पाहत आणि घरी तसेच शिकवत. यातल्या अनेक मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर उमगते, हे शॉपलर यांनी ओळखले होते. बोललेला शब्द विरून जातो, चित्र मात्र समोर राहते. आता काय करायचे, किती करायचे, संपले कधी म्हणायचे आणि पुढे काय, हे डोळ्यांना दिसले की मुलाची घालमेल कमी होते. आपण ज्याला हट्ट म्हणतो, तो पुष्कळदा या घालमेलीतूनच आलेला असतो.

१९७२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने हा कार्यक्रम राज्यभर लागू केला. 'टीच' या नावाने तो पुढे देशोदेशी पोहोचला. २००६ मध्ये शॉपलर निवर्तले.

जिला एकेकाळी दोषी ठरवून मुलापासून दूर ठेवले जात होते, त्या आईलाच त्यांनी सहशिक्षिका केले. आज अनेक घरांत ही चित्रे तीच लावते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)