डिंक, मेण, टिकली : त्वचेवर चिकटवण्याचा एक इतिहास

गोंदिया हे नाव गोंदावरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात. जंगलातून डिंक आणि लाख घेऊन येणारी माणसं इथे थांबत, त्यांचा बाजार भरे, म्हणून गोंदिया. दुसरी व्युत्पत्ती गोंड समाजाशी जोडलेली आहे आणि मला तीही तितकीच पटते. निवाडा करायचं मला कारण नाही. पण शहराला खेटून असलेल्या नागऱ्यात, जुन्या शिवमंदिराच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारखीला डिंकाची व्युत्पत्ती सोडवत नाही. कारण चिकट पदार्थ आणि माणसाची कातडी यांच्या संबंधाचा इतिहास लिहायचा, तर त्याची बरीच सामग्री आमच्या पंचक्रोशीतच सापडते.

या विषयाकडे मी वळले ती माझ्या मामेबहिणीमुळे. ताईचं गर्भाशय आणि अंडकोश शस्त्रक्रियेने काढावे लागले. त्यानंतर अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनची पट्टी दिली. ओटीपोटावर चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची. झोप परत आली, पण दोन महिन्यांत पोटावर लालभडक चौकोन उमटला. त्याच्या कडेला गोंदाची काळी चौकट, धूळ आणि लुगड्याचे धागे धरून बसलेली. ताईने ती नखाने खरवडली, मग नेलपॉलिश काढायच्या पाण्याने, मग चक्क रॉकेलने. शेवटी "औषध मला सोसत नाही" म्हणून पट्टीच बंद केली आणि पुन्हा रात्र रात्र जागू लागली. पट्टी रोज कुठे लावत होतीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "कुठे म्हणजे? जागा एकच असते ना बाई."

त्या उत्तरात आपल्या बायकांचा मोठा इतिहास आहे.

लेपाबद्दल सुश्रुताने सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात जे नियम घालून दिले आहेत, ते आजही वाचण्यासारखे आहेत. लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे औषध रोमकूपांतून आत शिरतं. त्याची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी असावी. तो अंगावर वाळू देऊ नये, कारण वाळलेला लेप काम तर करत नाहीच, उलट दुखवतो. जुन्या लेपावर नवा थर चढवू नये, उष्णता कोंडून दाह होतो. म्हणजे औषध आणि औषध धरून ठेवणारी वस्तू यांतला फरक या माणसाने ओळखला होता. कातडीला त्रास होतो तो पुष्कळदा दुसरीमुळे.

युरोपात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने कळली. तिथे शिशाची भस्मं तेलात उकळून केलेलं मलम रोमन काळापासून वापरात होतं. एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी रबर आणि राळ यांचं मिश्रण आलं. ते घट्ट बसे, पण राळेतल्या आम्लांनी कातडी पेटे. शतक संपता संपता त्यात जस्ताचं भस्म मिसळून ही आम्लं मारण्याची युक्ती निघाली, आणि हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने १९०१ साली ल्युकोप्लास्ट बाजारात आणलं. आपल्या घरोघरच्या पांढऱ्या चिकटपट्टीचं कूळ हे. तिच्या पांढरेपणाचं कारण हे जस्त. राळ मात्र पुढेही राहिली, आणि चिकटपट्टीने पुरळ उठणाऱ्या पुष्कळांचं वाकडं या राळेशी असतं.

आमच्या भागात कातडी भाजणाऱ्या चिकट पदार्थाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. बिब्बा. भेगांवर, काट्यावर बिब्ब्याचं तेल लावतात आणि कुणाला तो 'उततो'. अंगभर खाज, फोड, सूज. चांगल्या कामात 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. परीट कपड्यांवर खुणा करायला हाच बिब्बा वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमकी जिथे कपड्याची खूण टेकते तिथे चट्टे उठू लागले. त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी शोध घेऊन बोट ठेवलं ते परटाच्या खुणेवर. बिब्बा उतलेल्यांना आमच्याकडे खोबरं आणि तीळ वाटून लावत. सोसण्याची बाब प्रत्येकाची निराळी, आणि एकदा उतला की पुढे थोडक्यानेही उततो, हे म्हाताऱ्या बायकांना ठाऊक होतं. त्वचाशास्त्र ॲलर्जी म्हणतं ते हेच.

आता मेणाकडे येते. टिकली येण्यापूर्वी फणी-करंड्यात मेणाची डबी असे. मधमाशीचं मेण बोटावर मऊ करून कपाळावर गोल टेकवायचं आणि त्यावर कुंकू बसवायचं. मेण हा बिनविषारी, मायाळू गोंद. तेलाच्या बोटाने निघून येई, आणि मेणात मुळात आग करणारं फारसं काही नसे. हळदीवर चुन्याची किंवा क्षाराची क्रिया करून केलेलं कुंकूही तसं सौम्य. कारखान्यातले लाल रंग कुंकवात आले तेव्हा कपाळावर काळपट डाग पडू लागले.

मात्र या सगळ्यात एक अडचण होती आणि ती रसायनाची नव्हती. कुंकू काढण्याला आपल्या भाषेत धड क्रियापदच नाही. 'कुंकू पुसलं' म्हणजे काय ते सांगायला नको. बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. काढणं अशुभ, म्हणून त्याबद्दल बोलणंही नाही. लावायचं कसं हे आईने मुलीला दहा वेळा शिकवलं. काढायचं कसं, कातडीला विसावा कधी द्यायचा, हे मोरीच्या आडोशाला ज्याचं त्याने शिकावं.

या भाषेत, या संकोचात १९७०-८०च्या दशकांत चिकटणारी टिकली घरोघर पोहोचली. स्वस्त, नेटकी, घामाने न ओघळणारी. कित्येकींनी ती रात्रीही काढली नाही. काढली तर न्हाणीच्या आरशावर चिकटवली आणि सकाळी तीच पुन्हा त्याच जागी. काही वर्षांनी टिकलीखाली तेवढाच पांढरा गोल दिसू लागला. ऐंशीच्या दशकात अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनाकडे बोट दाखवलं. हे द्रव्य त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं. टिकली बंद केल्यावर काहींचा रंग परततो, काहींचा नाही.

आमच्या समाजात पांढरा डाग म्हणजे कोड, आणि कोड म्हणजे घराला लागलेला बट्टा. सौभाग्याच्या खुणेखालीच तो डाग उमटावा! बायकांनी काय केलं असेल? अधिक मोठी टिकली लावली. डाग झाकायला तोच गोंद, अधिक जागेवर. एखादी लग्नाची मुलगी याच डागापायी बिजवराला दिली गेली असेल, तर त्याची नोंद कुठल्या दप्तरात असणार?

ताईची पट्टी या इतिहासात बसते. कपाळावरची जागा बदलता येत नाही, म्हणून तिने पोटावरचीही बदलली नाही.

औषधाच्या पट्टीचा इतिहास छोटा आहे. उरुग्वेत जन्मलेले अलेहांद्रो झाफारोनी मेक्सिकोत सिंटेक्स कंपनीत होते. तिथल्या रानकंदांपासून संप्रेरकं बनवण्याचा उद्योग तेव्हा भरात होता. त्याच जातीचं डायोसजेनिन आपल्याकडच्या पेवाच्या गड्ड्यातही असतं. झाफारोनींनी १९६८ साली अल्झा ही कंपनी काढली, आणि कातडीतून औषध देणारी पहिली पट्टी अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली. ती प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी होती. इस्ट्रोजेनची पट्टी १९८६ची. तिच्या पोटात मद्यार्कात विरघळवलेलं औषध असे, आणि त्या मद्यार्काने अनेकींची कातडी चुरचुरे. नव्वदच्या दशकात औषध गोंदातच मिसळलेल्या पातळ पट्ट्या आल्या आणि त्रास कमी झाला. संपला नाही, कारण गोंद राहिलाच.

ताईला मी जे सांगितलं ते इथे लिहिते, इतिहासाच्या निबंधात शोभलं नाही तरी. पट्टी ओढून उपटू नये. कड सोडवून, कातडी दुसऱ्या हाताने दाबून, लव ज्या दिशेला वळते तिकडे सावकाश सोलावी. सुश्रुताने लावायला सांगितली त्याच्या नेमकी उलट दिशा. उरलेला गोंद पाण्याने निघत नाही, कारण तो तेलाच्या जातीचा आहे. खोबरेल चोळून पाच-दहा मिनिटं थांबावं, मऊ फडक्याने पुसावं, मग साबण लावून धुवावं. रॉकेल, नेलपॉलिशचं पाणी, ब्लेड, काही नको. नवी पट्टी दुसऱ्या जागी, कोरड्या, तेल-पावडर नसलेल्या कातडीवर. सोडलेल्या जागेला निदान आठवडाभर सुट्टी. छातीवर कधीच लावू नये. काढल्यावर थोडा वेळ राहणारी लाली वेगळी आणि चौकटीबाहेर पसरणारी, खाजणारी, फोड आणणारी आग वेगळी. दुसरी दिसली तर औषधाच्या दुकानातलं स्टेरॉइडचं मलम स्वतःच्या मनाने न चोपडता डॉक्टरांकडे जावं. वेगळ्या गोंदाची पट्टी असते, अंगाला लावायचं जेलही असतं. वापरलेल्या पट्टीत औषध शिल्लक राहतं, म्हणून ती चिकट बाजू आत करून दुमडायची आणि नातवंडांच्या हाताला लागू द्यायची नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कातडीला सोसेल असा गोंद कुणी केलाच नाही काय?"

केला आहे, आणि तो आमच्याच रानातला आहे. विदर्भ आणि मध्य प्रदेशाच्या खडकाळ जंगलांत कांडोळ नावाचं पांढऱ्या सालीचं झाड असतं. चांदण्यात भुतासारखं दिसतं म्हणून काही ठिकाणी त्याला भुत्या म्हणतात. त्याचा डिंक पाण्यात फुगतो, कातडीला धरतो आणि आग करत नाही. शस्त्रक्रियेने ज्यांच्या पोटावर मलमार्ग काढावा लागतो, त्यांची भोवतालची कातडी सतत ओल लागून सोलवटून निघे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी त्यावर हाच डिंक वापरून पाहिला आणि तो लागू पडला. पुढे पिशवी चिकटवण्याच्या कड्याच या डिंकाच्या बनू लागल्या. जगाला हा डिंक मुख्यतः भारत पुरवत आला.

तो काढण्याची आपली रीत मात्र रांगडी. कुऱ्हाडीने खोल घाव घालायचे, झाड वठलं की पुढच्याकडे जायचं. या घावांनी कांडोळ इतकं विरळ झालं की त्याच्या डिंकावर ठिकठिकाणी बंदी घालावी लागली. नव्वदच्या दशकात भारतीय संशोधकांनी दुसरी पद्धत दाखवली. खोडाला छोटंसं छिद्र पाडून त्यात इथेफॉनचे थोडे थेंब सोडायचे. डिंक कितीतरी पट वाढतो आणि जखमही लवकर भरते. इथेफॉनपासून झाडाच्या अंगात जे तयार होतं ते इथिलीन, झाडांचं संप्रेरक. ताईला हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि त्या झाडाला तरी दर वेळी नवी जागा देतात काय, असं तिने विचारलं. देतात.