व्यवसायसंधीची ओळख

व्यवसायसंधीची ओळख म्हणजे एखादी वस्तू, सेवा, बाजारपेठ किंवा हाताशी असलेले साधन यांत दडलेली लाभाची शक्यता हेरणे व ती प्रत्यक्षात आणण्याजोगी आहे की नाही हे पारखणे. उद्योजकतेच्या अभ्यासात ही उद्योगाची पहिली पायरी मानली जाते. संधी हेरण्याचे श्रेय बहुधा एकट्या व्यक्तीच्या चाणाक्षपणाला दिले जाते. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत ग्रामसभांनी उभारलेला बांबूचा व्यवसाय मात्र असे दर्शवतो की, संधी दिसण्याइतकाच तिचा उपयोग करण्याचा हक्कही महत्त्वाचा असतो.

सैद्धांतिक विचार

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांच्या मते नवे उत्पादन, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा नवी संघटना निर्माण करून उद्योजक प्रस्थापित आर्थिक घडी मोडतो. इस्रायल कर्झनर यांनी १९७३ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते संधी आधीच अस्तित्वात असते. इतरांच्या नजरेतून सुटलेली किमतींमधील तफावत सावध उद्योजकाच्या लक्षात येते. स्कॉट शेन यांनी २००० मध्ये पूर्वज्ञानाचे महत्त्व दाखवून दिले. एकाच त्रिमितीय मुद्रण तंत्रज्ञानात निरनिराळ्या उद्योजकांना आपापल्या अनुभवानुसार निरनिराळ्या संधी दिसल्या, असे त्यांना आढळले. सरस सरस्वती यांच्या २००१ मधील मांडणीनुसार अनुभवी उद्योजक हाताशी असलेल्या साधनांपासून सुरुवात करतात आणि किती नफा होईल यापेक्षा किती तोटा सोसवेल याचा विचार आधी करतात.

बांबू व्यवसायाची पार्श्वभूमी

चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांत बांबू विपुल आहे. बल्लारपूर येथील कागद कारखाना, बुरूड कारागीर व बांधकाम यांमुळे त्याला मागणीही होती. कोणता बांबू कोवळा, कोणता पक्व आणि तोड केव्हा करावी याचे ज्ञान गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या होते. तथापि भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना वृक्षांत केलेली असल्याने त्याच्या तोडीवर व विक्रीवर वनविभागाचे नियंत्रण होते. माल, गिऱ्हाईक व ज्ञान ही तिन्ही असूनही गावकऱ्यांचा सहभाग मुख्यतः मजुरीपुरता मर्यादित राहिला.

वनहक्क कायदा, २००६ ने बांबू व तेंदूपत्ता यांचा समावेश गौण वनोपजात केला आणि त्यांवरील मालकी हक्क वननिवासींना दिला. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही याच कायद्याने मान्य केला.

मेंढा (लेखा)

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे गाव आहे. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कार्यामुळे ते देशभर परिचित झाले. येथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात व त्यांपूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा केली जाते. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मात्र वाहतूक परवान्याशिवाय तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. हक्क २००९ मध्ये मान्य झाला असला, तरी त्याचे व्यवसायात रूपांतर होण्यासाठी आणखी दोन वर्षे जावी लागली.

पाचगाव

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. येथील ग्रामसभेनेही बांबूची तोड व विक्री स्वतः सुरू केली. तेंदूपत्ता हे या भागातील उन्हाळी उत्पन्नाचे मोठे साधन असूनही त्याचे संकलन न करण्याचा निर्णय मात्र तिने घेतला. चांगली पाने मिळावीत म्हणून झाडांची छाटणी केली जाते व जंगलात आगी लावल्या जातात, त्यामुळे जंगलाची हानी होते, हे त्यामागील कारण होते. संधी ओळखणे या प्रक्रियेत एखादी संधी विचारपूर्वक नाकारणेही अंतर्भूत असते, याचे हे उदाहरण आहे.

मर्यादा व जोखीम

हक्क मिळाल्याने व्यवसाय आपोआप यशस्वी होत नाही. लिलाव, करारनामा, हिशेब, मजुरीचे वाटप व वाहतूक यांची जबाबदारी ग्रामसभेवर येते. खरेदीदार थोडे असल्यास भाव पाडले जाण्याची, तर उधारीवर माल दिल्यास पैसे थकण्याची शक्यता असते. कच्चा बांबू विकण्यापेक्षा त्याच्या वस्तू बनवून विकल्यास मूल्य वाढते. परंतु त्यासाठी कौशल्य, यंत्रे व बाजारपेठेची माहिती लागते. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात असे प्रशिक्षण दिले जाते. बांबूची अतितोड झाल्यास व्यवसायाचा मूळ आधारच नष्ट होतो. म्हणून किती बांबू तोडावा व किती राखावा, हा निर्णय विक्रीच्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा ठरतो.