सुटलेली उड्डाणनोंद

प्रत्यक्ष झालेले, पण त्या वेळी लॉगबुकात चढवायचे राहून गेलेले उड्डाण मागाहून पुराव्यानिशी नोंदवणे. नोंद दोन ठिकाणी सुटू शकते: वैमानिकाच्या वैयक्तिक लॉगबुकात किंवा विमानाच्या लॉगबुकात. दोन्हींचे परिणाम सारखे नसतात. वैमानिकाची सॉर्टी (उड्डाणाची एक फेरी) सुटली तर त्याचे तास कमी भरतात आणि नुकसान त्याच्यापुरते राहते. विमानाची सॉर्टी सुटली तर एअरफ्रेम, इंजिन आणि प्रोपेलर प्रत्यक्षात जितके वापरले गेले त्याहून कमी वापरलेले दिसतात, आणि पुढच्या प्रत्येक ओळीतली एकूण बेरीज चुकत जाते. प्रशिक्षणात सर्रास दिसणाऱ्या सेसना 172 च्या लायकॉमिंग इंजिनासाठी ओव्हरहॉलची शिफारस साधारण 2,000 तासांना असते. 50 आणि 100 तासांच्या तपासण्याही याच बेरजेवर ठरतात. त्यामुळे विमानाच्या वहीतली गाळलेली ओळ हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि ती लक्षात येताच देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला कळवली पाहिजे, महिनाअखेरीची वाट पाहू नये.

भारतात वैयक्तिक लॉगबुकाचे बंधन विमान नियम, 1937 मधील नियम 67-अ मधून येते. सगळा उड्डाणवेळ शाईने नोंदवायचा आणि शेवटच्या नोंदीनंतर वही किमान 5 वर्षे जपायची, असे हा नियम सांगतो. अमेरिकेत मात्र परवान्यासाठी किंवा सद्यःसराव दाखवण्यासाठी लागणारा वेळ नोंदवला तरी पुरते. तिकडे प्रशिक्षण घेऊन परतलेल्या मराठी मुलामुलींना परवाना बदलून घेताना हा फरक नडतो. मित्राबरोबर रविवारी केलेले, तिथे न लिहिलेले उड्डाण इथे तासांत धरायचे तर त्याचा माग काढावा लागतो. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, त्यांतले 100 पायलट-इन-कमांड म्हणून. कडेला आलेल्या उमेदवाराला दीड तासही मोठा असतो.

पुण्यात या विषयाचे सर्वांत बोलके रूप हडपसरला दिसते. तिथले ग्लायडिंग सेंटर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहे. विंचने ओढून वर चढवलेले ग्लायडर, थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडले नाही तर, काही मिनिटांत पुन्हा जमिनीवर असते. एका दुपारी एकाच शिकाऊ वैमानिकाच्या चार-पाच सॉर्टी होऊ शकतात. ग्लायडिंगच्या मैदानावर लाँच पॉइंटपाशी कोणीतरी घड्याळ आणि रजिस्टर घेऊन बसलेले असते: ग्लायडरचे व्हीटी-नोंदणीचिन्ह, पुढच्या आणि मागच्या सीटवर कोण, केबल ताणून ग्लायडर कधी हलले, कधी टेकले. शिकणारा मात्र ग्लायडर ढकलत परत आणण्यात गुंतलेला असतो. रात्री घरी बसून आठवणीने लिहितो आणि चारच्या तीन सॉर्टी होतात. हातघाईची ही चूक आहे, तीत लबाडी नाही. पण ती दुरुस्त करायची तर त्या रजिस्टरातूनच, आठवणीतून नव्हे.

इंजिनाच्या विमानांसाठी पुरावे अधिक असतात. फ्लाइंग स्कूलचे ऑथरायझेशन बुक, विमानाचा टेक लॉग, इन्स्ट्रक्टरचे स्वतःचे लॉगबुक, इंधनाची पावती, आणि फ्लाइट प्लॅनसोबत मिळालेले एफआयसी व एडीसी क्रमांक. एफआयसी म्हणजे उड्डाण माहिती केंद्र, एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी. लोहगावचा विमानतळच हवाई दलाचा असल्याने पुण्याच्या वैमानिकाला हे क्रमांक चांगलेच ओळखीचे असतात. सुटलेल्या तारखेचा शोध घेताना तेच सर्वांत उपयोगी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कागदी वहीत रीत सोपी आहे. दोन ओळींच्या फटीत अक्षरे कोंबायची नाहीत, व्हाइटनर लावायचा नाही. पुढच्या रिकाम्या ओळीवर उड्डाणाची खरी तारीख लिहायची, शेऱ्यात ‘विलंबित नोंद’, आज लिहिल्याची तारीख आणि आधाराचे पान नमूद करायचे, आणि सीएफआयची (मुख्य उड्डाण प्रशिक्षकाची) सही घ्यायची. तारखांचा क्रम मोडला तरी चालतो, पण कोणत्या दिवशी काय लिहिले हे मात्र स्पष्ट राहिले पाहिजे.

लॉगबुकाच्या ॲपमध्ये उलट घडते. मागची तारीख टाकताच नोंद आपोआप आपल्या जागी सरकते आणि तिच्यानंतरच्या साऱ्या बेरजा बदलतात. सोय खरीच मोठी आहे. पण आधी छापून सही घेतलेली पाने त्याच क्षणी ॲपशी जुळेनाशी होतात. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात विलंबाची नोंद इथेही हवीच. दुसरा धोका आरंभशिल्लकेचा. बहुतेकजण ॲप सुरू करताना कागदी वहीतले एकूण तास, समजा 84 तास 30 मिनिटे, एकरकमी भरतात. त्या काळातली एखादी सॉर्टी नंतर ॲपमध्ये दिसत नाही म्हणून वेगळी टाकली, तर ती दोनदा मोजली जाते. ती कागदी वहीतूनच सुटली होती की फक्त ॲपमध्ये सुटी दिसत नाही, हे वही उघडूनच ठरवावे लागते.

काही उड्डाणे सुटलेली नसतातच, तारखेत हरवलेली असतात. नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, होतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. लोहगावहून 15 जानेवारीला पहाटे 4:50 ला निघालेले विमान यूटीसीत 14 तारखेला 23:20 ला निघते. 15 तारखेत शोधणाऱ्याला ते सापडत नाही आणि तो नवी नोंद करून बसतो. दशांशही असेच फसवतात: 1 तास 20 मिनिटे म्हणून 1.20 टाकले तर ॲप 1 तास 12 मिनिटे धरते. ग्लायडरच्या आठ मिनिटांना 0.1 लिहीत गेले, तर वीस सॉर्टींत 40 मिनिटे कुठल्याही चुकीशिवाय नाहीशी होतात. ॲप तास-मिनिटांवर ठेवणे हाच उपाय.

नोव्हेंबर 2021 मध्ये महासंचालनालयाने ई-जीसीए ही संगणकीय सेवा औपचारिकपणे सुरू केली आणि परवान्यांचे अर्ज तिच्यावर आले. खासगी ॲपमधली नोंद मात्र वैमानिकाची स्वतःची सोय असते. परवान्यासाठी मोजले जाणारे तास प्रशिक्षणसंस्थेने किंवा कंपनीने पडताळलेले असावे लागतात. खोटी नोंद सिद्ध झाली तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

रजिस्टर नष्ट झाले, शाळा बंद पडली, इन्स्ट्रक्टरचा ठावठिकाणा नाही, अशा वेळी ते उड्डाण तासांत धरू नये. कित्येक ॲपमध्ये बेरजेत न येणारी नोंद ठेवता येते. तिथे तारीख, विमान आणि सोबत कोण होते एवढे लिहून रकान्यांत शून्य ठेवावे. पहिला सोलो असा पुराव्याविना राहिलेली माणसेही आहेत, आणि त्यांच्यासाठी ही शून्याची ओळ फार मोलाची असते.