कर्णनाद आणि हेडफोन : शांतता हवी, पण बेताने

राजूर (जि. जालना) : संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली, की भोकरदन तालुक्यातील राजूरचे रूप पालटते. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येतात. जालन्याहून निघालेले अनेक जण आदल्या रात्री सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पायी कापतात. वाटेवरचे ध्वनिक्षेपक, वाहनांचे भोंगे आणि गर्दीचा कल्लोळ मागे टाकून घरी परतल्यावर शांत खोलीत पाठ टेकली, की कानात बारीक शिट्टी वाजू लागते. बहुतेकांची ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत थांबते. काहींच्या कानात मात्र ती कायमची वस्तीला येते. बाहेर कोणताही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात ऐकू येणाऱ्या या आवाजाला कर्णनाद, म्हणजेच टिनिटस म्हणतात.

असा सौम्य त्रास असलेल्यांना गोंगाट नकोसा होतो. त्यामुळे बाहेरचा आवाज कमी करणारे 'नॉइज कॅन्सलिंग' हेडफोन त्यांना वरदान वाटतात. योग्य रीतीने वापरल्यास त्यांचा उपयोग होतोही; परंतु हे साधन नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

हेडफोनचे तंत्र

आवाजाने आवाज खोडून काढण्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळाले. भारतीय वंशाचे अमेरिकी अभियंते अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात असे हेडफोन करण्याची कल्पना सुचली. हेडफोनमधील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि आतील यंत्रणा त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर निर्माण करते. दोन्ही लहरी एकमेकींना छेदून आवाज क्षीण होतो. एस.टी.च्या इंजिनाची घरघर, वातानुकूलन यंत्राची घुमघुम अशा संथ, खालच्या पट्टीतील आवाजांवर ही मात्रा उत्तम चालते. फटाका, हॉर्न किंवा बोलणे यांवर तिचा प्रभाव कमी पडतो.

कर्णनादावर मात्र ती चालत नाही. हा नाद हवेतून येत नाही. कानाच्या आतील शंखाकृती भागातील केशपेशींना इजा झाली, की मेंदूकडे जाणारे संदेश घटतात. ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणकेंद्रे अधिक संवेदनशील होतात आणि त्यातून हा नाद उमटतो, असे मानले जाते. मायक्रोफोनला जो आवाज ऐकूच येत नाही, तो हेडफोन खोडणार कसा?

शांततेचा उलटा परिणाम

हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी १९५३ मध्ये श्रवणदोषाची तक्रार नसलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसविले. त्यांपैकी ९४ टक्के जणांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. निरोगी कानांची ही गत, तर कर्णनाद असलेल्यांना निःशब्द वातावरणात तो अधिक ठळक जाणवणे स्वाभाविक आहे. म्हणून हेडफोन लावून काहीही न ऐकता तासन्‌तास बसणे टाळावे. पाऊस, पंखा किंवा संथ वाद्यसंगीत यांचा मंद आवाज सुरू ठेवावा. तो कर्णनाद बुडविण्याइतका मोठा नसावा. त्याच्यापेक्षा किंचित खालीच असावा. साध्या, सोसण्याजोग्या आवाजांपासूनही कान सतत झाकून ठेवले, तर ते आवाजही पुढे असह्य वाटू लागण्याची शक्यता असते.

आवाज किती, वेळ किती?

या हेडफोनचा खरा लाभ वेगळाच आहे. साध्या हेडफोनवर बसच्या गोंगाटात गाणे ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागतो. बाहेरची घरघर कमी झाली, की तेच गाणे निम्म्या आवाजातही नीट ऐकू येते. तो खरोखर कमी ठेवला, तरच कान वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला केवळ १० तास.

हे लक्षात ठेवा

- मोबाइलवरील आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये. दर तासाला कानांना विश्रांती द्यावी.
- काहींना यंत्रणा सुरू करताच कानात दडे बसल्यासारखे वाटते. तसे झाल्यास तिची तीव्रता कमी करावी किंवा ती बंद करावी.
- वाहन चालविताना, रस्ता वा रेल्वेमार्ग ओलांडताना हेडफोन काढून ठेवावेत. रात्रीच्या पायी वारीत तर मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज हाच पहिला इशारा असतो.
- पोलाद कारखान्यातील यंत्रांजवळ किंवा मिरवणुकीतील भिंतीसमोर हे हेडफोन संरक्षण म्हणून वापरू नयेत. तेथे प्रमाणित कर्णरक्षक किंवा कानातील बोळे वापरावेत आणि भिंतीपासून दूर राहावे.
- कान फुटला असेल किंवा त्यातून स्राव होत असेल, तर कानात घालायचे इअरफोन वापरू नयेत.

डॉक्टरांकडे कधी जावे?

एकाच कानात नाद येत असेल, तो नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, चक्कर येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी व श्रवणचाचणी करून घ्यावी. अचानक ऐकू येणे बंद झाल्यास एक दिवसही दवडू नये. पहिल्या काही दिवसांतील उपचारांना मोठे महत्त्व असते. कधी कारण कानातील मळाइतके साधे निघते, तर कधी एखादे चालू असलेले औषध त्यामागे असते. असे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

कर्णनाद हमखास घालविणारी गोळी आजवर सापडलेली नाही. श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्र, तसेच बोधनात्मक वर्तन उपचारपद्धती यांमुळे त्याचा जाच पुष्कळ कमी होतो. पुरेशी झोप मिळाली आणि मन दुसऱ्या कामात गुंतले, की सौम्य नादाकडे लक्ष जाईनासे होते. हेडफोन ही या वाटेवरची केवळ काठी आहे. तिचा आधार घ्यावा, मात्र सारा भार तिच्यावर टाकू नये.