लाँग्लवाचा पूल

व्हॅन गॉग म्हटलं की आपल्याला सूर्यफुलं आठवतात. मला आठवतो तो त्याच्या चित्रांतला पूल.

दक्षिण फ्रान्समधल्या आर्लपासून बूक बंदराकडे जाणाऱ्या कालव्यावर उचलते लाकडी पूल होते. होडी आली की राखणदार पुलाचे दोन्ही भाग वर उचली. होडी गेली की पुन्हा खाली सोडी. आर्लजवळच्या अशा एका पुलाचं दफ्तरी नाव होतं रेजिनेल. लोक मात्र राखणदाराच्या नावानं त्याला लाँग्लवाचा पूल म्हणत. १८८८ मध्ये व्हॅन गॉगनं तो अनेकदा रंगवला, कधी काठावर धुणं धुणाऱ्या बायकांसह, कधी शेजारच्या घरासह.

१९३० मध्ये तिथं काँक्रीटचा पूल आला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं तोही उडवला. कालव्यावरचा फॉसचा पूल तेवढा वाचला. पुढे तो सुटा करून आर्लजवळ मोंकाल्दच्या लॉकपाशी, म्हणजे होड्या चढवण्या-उतरवण्याच्या पाणदरवाजांपाशी, उभारला.

आज पर्यटक त्याला व्हॅन गॉगचा पूल म्हणतात. लाँग्लवा उरला तो चित्रांच्या नावांत. रोज पूल उचलणाऱ्या माणसाची एवढी तरी नोंद राहिली, याचं मला फार समाधान वाटतं.