लिनक्सने पाळलेला शब्द

जुलै २०११ मध्ये लिनक्स कर्नलचा आकडा २.६.३९ वरून थेट ३.० झाला. आत काही उलथापालथ झाली नव्हती. लिनक्सला वीस वर्षं होत होती आणि २.६ चं शेपूट फार लांबलं होतं. पण काही प्रोग्रॅम आवृत्ती विचारून उत्तरात '२.६' येणारच, असं धरून बसले होते. ते अडखळले. चूक उघडउघड त्यांचीच, तरी डागडुजी कर्नलमध्ये झाली. एक सोय चालू करून असा प्रोग्रॅम सुरू केला, की कर्नल त्याला स्वतःची आवृत्ती '२.६.४०' सांगू लागला.

कारण वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा दंडक. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधल्या बदलाने चुकीचा एरर कोड जाऊ लागला आणि आवाजाचे प्रोग्रॅम बिघडले. दोष प्रोग्रॅमवर ढकलणाऱ्या सहकाऱ्याला टॉरवाल्ड्सने जाहीरपणे फैलावर घेतलं. भाषा नको तितकी कडक होती, मुद्दा मात्र रास्त होता.

कर्नलच्या आत असा कुठलाच शब्द दिलेला नाही. कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तसं लेखी मांडून ठेवलंय: आतले इंटरफेस कधीही बदलतील. जो बदलेल, त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. ज्यांचे ड्रायव्हर कर्नलबाहेर आहेत, त्यांनी आपलं आपण बघायचं.

कर्नलमधल्या 'अॅक्सेस_ओके' या फंक्शनचंच घ्या. प्रोग्रॅमने दिलेला मेमरीचा पत्ता योग्य टप्प्यात आहे का, हे ते तपासतं. त्याला पूर्वी तीन आर्ग्युमेंट लागत. पहिलं, वाचायचंय की लिहायचंय. ते होतं जुन्या ३८६ प्रोसेसरसाठी, कारण कर्नल लिहू लागला की ती चिप लेखनबंदी जुमानत नसे. ३८६ चा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत संपला. जानेवारी २०१९ मध्ये टॉरवाल्ड्सने ते आर्ग्युमेंट काढलं, कर्नलभरचा कोड त्याच बदलात सुधारला, मार्चमध्ये ५.० आली आणि कर्नलबाहेरची कित्येक मोड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे सुटे भाग, कंपाइल होईनात.

मग 'आवृत्ती ५.० किंवा पुढची असेल तर दोन आर्ग्युमेंट, नाहीतर तीन' अशा अटी त्या मोड्यूलच्या कोडमध्ये आल्या. डेलने २००३ मध्ये केलेलं डीकेएमएस हे साधन नव्या कर्नलसाठी मोड्यूल आपोआप पुन्हा बांधतं, पण बदललेलं फंक्शन ते दुरुस्त करू शकत नाही. शिवाय रेड हॅटसारख्या कंपन्या नवे बदल जुन्या आकड्याच्या कर्नलमध्ये आणतात. तिथे आवृत्तीची अटही फसते.

ज्यांच्या हाती ड्रायव्हरचा सोर्स आहे, त्यांनी तो मूळ कर्नलमध्ये पाठवण्याचे कष्ट एकदा घ्यावेत. तपासणी कडक असते, वेळ लागतो. पण पुढचं आर्ग्युमेंट जो काढेल, तोच त्यांची ओळही दुरुस्त करील.